यादीत नसलेलं विष

१९८३ साल. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधला त्वचारोग विभाग. डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्यासमोर पश्चिम बंगालच्या खेड्यांतून आलेले काही पेशंट होते. त्यांच्या छाती-पाठीवर पावसाचे थेंब वाळून डाग राहावेत तसे काळपट ठिपके होते आणि तळहात-तळपायांवर टणक, खरखरीत गाठी. साहांनी निदान केलं: आर्सेनिकची विषबाधा, तीही हळूहळू, वर्षानुवर्षं होत आलेली.

आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. जुन्या रहस्यकथांमधलं आवडतं विष. पण इथे कुणी कुणाच्या दुधात सोमल कालवला नव्हता. तो येत होता ट्यूबवेलच्या पाण्यातून. गावातलं सगळ्यात स्वच्छ म्हणून जे पाणी लोक पीत होते, त्याच पाण्यातून.

पुढे हा प्रश्न सीमेपलीकडे बांगलादेशात किती पसरलाय ते कळलं, तेव्हा अ‍ॅलन स्मिथ या साथरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात लिहिलं, की लोकसंख्येला झालेली ही इतिहासातली सर्वांत मोठी विषबाधा आहे. साडेबारा कोटींच्या देशात साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना धोका असल्याचा अंदाज त्यांनी मांडला. भोपाळ आणि चेर्नोबिल आपल्याला शाळेपासून माहीत असतं. हे मात्र मला इंजिनिअरिंग संपून नोकरी लागेपर्यंत माहीतही नव्हतं.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. त्यामुळे या इतिहासातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. या पाण्याच्या तपासण्या झाल्या होत्या. रिपोर्ट चांगले आले होते. पण काय तपासायचं, त्या यादीत आर्सेनिक नव्हतं.

तळ्याकडून हापशाकडे

आधी हे ट्यूबवेल आले कुठून ते पाहू, कारण या गोष्टीत सोयीस्कर खलनायक नाही.

बंगाल हा पाण्याचा प्रदेश. घरामागे पुकुर, म्हणजे तळं, असतंच. त्यात मासे पाळायचे, त्यातच आंघोळ करायची, भांडी घासायची आणि तेच पाणी प्यायचं. त्यामुळे कॉलरा, हगवण, विषमज्वर हे कायमचे पाहुणे. लहान मुलं मोठ्या संख्येने दगावत. १९७१ च्या युद्धानंतर नव्या बांगलादेशात युनिसेफ आणि तिथलं सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खातं यांनी उपाय काढला: तळ्याचं पाणी सोडा, जमिनीखालचं प्या. मातीच्या थरांतून गाळून आलेल्या पाण्यात जंतू कमी असतात.

उपाय स्वस्तही होता. तिथली जमीन म्हणजे नद्यांनी आणून टाकलेला मऊ गाळ. बांबूची पराती बांधायची, पाइप खालीवर करत गाळात घुसवायचा आणि वर बसलेल्या माणसाने पाइपच्या तोंडावर तळहाताने झडप उघडायची-मिटायची. मशीन नाही, डिझेल नाही. एका दिवसात विहीर तयार. आधी सरकारने बसवल्या, मग लोकांनी स्वतःच्या पैशाने. १९९० च्या दशकापर्यंत देशात लाखो ट्यूबवेल झाले. दारात हातपंप असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. १९९७ मध्ये युनिसेफने नोंदवलं, की २००० सालापर्यंत ८० टक्के लोकांना 'सुरक्षित' पाणी देण्याचं उद्दिष्ट आधीच ओलांडलं गेलंय.

हाच विचार त्याच काळात आपल्याकडेही आला होता. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर पडले आणि हापसे बसले. ज्या 'इंडिया मार्क टू' हापशाचा दांडा आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी लोंबकळून खाली आणलाय, त्याचं मूळही महाराष्ट्रात आहे. जालना आणि सोलापूर इथे घडलेल्या पंपांवरूनच पुढे युनिसेफच्या मदतीने तो तयार झाला. हापशाने आपल्या आज्यांचे डोक्यावरचे हंडे आणि पोटातला नारू हे दोन्ही कमी करायला हातभार लावला. बंगालमध्येही ट्यूबवेलमागे असाच चांगला हेतू होता. म्हणूनच पुढचं जास्त बोचतं.

पाण्याला काय विचारलं?

पाणी तपासताना मुख्य काळजी जंतूंची होती, कारण मुलं जंतूंनी मरत होती. त्याशिवाय लोह, क्लोराइड अशा नेहमीच्या गोष्टी. आर्सेनिक हा पिण्याच्या पाण्यातला प्रश्न मानला जात नव्हता, म्हणून नेहमीच्या तपासणीत तो नव्हता, असं स्मिथ आणि सहकारी लिहितात.

पण जगाला खरंच काही माहीत नव्हतं का? अर्जेंटिनात कोर्दोबा प्रांतातल्या बेल व्हिल गावाच्या नावाने आर्सेनिकचा आजार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ओळखला जात होता. तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर खोल विहिरींचं पाणी पिणाऱ्यांचे पाय काळे पडून सडायचे. १९६८ मध्ये तिथल्या ४० हजारांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली, तिने विहिरीतलं आर्सेनिक आणि त्वचेचा कॅन्सर यांचा संबंध स्पष्ट दाखवला. चिलीच्या आन्तोफागास्ता शहरात १९५८ पासून बारा वर्षं लोक आर्सेनिकचं पाणी पीत होते, १९७० मध्ये तिथे शुद्धीकरण केंद्र उभारावं लागलं. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या १९५८ च्या पहिल्या पेयजल मानकांतच आर्सेनिकची मर्यादा होती: लिटरमागे २०० मायक्रोग्रॅम. १९६३ मध्ये ती ५० वर आली, १९९३ मध्ये १० वर.

म्हणजे माहिती होती. ती वेगवेगळ्या खंडांत, वेगवेगळ्या फायलींत पडून होती. मानकात आकडा होता, पण गावात बोअर पाडणाऱ्याच्या हातातल्या कागदावर तो पोचला नव्हता. माझ्या कामात हे रोज दिसतं. सगळ्या टेस्ट पास झाल्या, स्क्रीन हिरवीगार झाली, की माणसाला वाटतं सॉफ्टवेअर बरोबर आहे. त्या हिरव्या रंगाचा अर्थ खरं तर एवढाच असतो, की आपण जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरं बरोबर आली.

गाळाखालचं रसायन

हे आर्सेनिक कुठल्या कारखान्याने ओतलेलं नाही. ते हिमालयातलं आहे. हजारो वर्षं गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना डोंगर झिजवून गाळ आणत राहिल्या. त्या गाळाच्या कणांवर गंजाचा, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि आर्सेनिक त्या गंजाला चिकटून बसलेलं असतं. तिथे असेपर्यंत ते कुणाला त्रास देत नाही.

पण गाळाबरोबर झाडंझुडपंही गाडली जातात. ते कुजकं खाऊन जमिनीखालचे सूक्ष्मजीव जगतात. आधी ते पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. तो संपला, की श्वासासाठी गंजाचा वापर करतात. गंज विरघळतो आणि त्याला धरून बसलेलं आर्सेनिक पाण्यात सुटतं. सुरुवातीला काही संशोधकांचं म्हणणं वेगळं होतं: शेतीसाठी जास्त उपसा झाला, पाण्याची पातळी खाली गेली, हवा आत शिरली आणि त्यामुळे आर्सेनिक सुटलं. १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या लेखात रॉस निक्सन आणि सहकाऱ्यांनी गंज विरघळण्याचं स्पष्टीकरण मांडलं आणि पुढे तेच बहुतांशी मान्य झालं.

यातून दोन विचित्र गोष्टी निघतात. पहिली: एका अंगणातला पंप विषारी आणि वीस-तीस मीटरवरचा शेजाऱ्याचा पंप चांगला, असं होऊ शकतं. कारण खालचे थर सारखे नसतात. सर्वांत वाईट पाणी साधारण शंभर मीटरच्या आतल्या उथळ ट्यूबवेलचं. दीडशे-दोनशे मीटरखालचं बहुतेक ठिकाणी सुरक्षित.

दुसरी गोष्ट तळ्याची. तळ्याच्या उघड्या पाण्यात ऑक्सिजन असतो. तिथे लोह विरघळलेलं राहत नाही, गंज होऊन तळाशी बसतं आणि आर्सेनिकलाही सोबत खाली नेतं. म्हणजे ज्या तळ्याकडे लोकांनी जंतूंच्या भीतीने पाठ फिरवली, त्यात आर्सेनिक सहसा कमीच होतं.

दहा वर्षं आणि एक कोर्टकेस

साहांकडे १९८३ मध्ये पेशंट आले. १९८७ पर्यंत बांगलादेशातलेही काही पेशंट कोलकात्यात ओळखले गेले होते. जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती गावोगाव हिंडून पाण्याचे, केसांचे, नखांचे नमुने गोळा करत होते. जमिनीखालचा थर तर सीमा पाळत नाही. तरीही बांगलादेशात भूजलातलं आर्सेनिक अधिकृतपणे सापडायला १९९३ साल उजाडलं, चापाई नवाबगंज जिल्ह्यात. मधली दहा वर्षं पंप बसतच राहिले.

याच दहा वर्षांत एक तपासणी झाली. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने मध्य आणि ईशान्य बांगलादेशातल्या सुमारे १५० विहिरींचं पाणी तपासून १९९२ मध्ये अहवाल दिला. त्याच्या लांबलचक नावातच मासे आणि माणसं यांना भूजलापासून होऊ शकणाऱ्या विषबाधेचा उल्लेख होता. कितीतरी मूलद्रव्यं तपासली गेली. आर्सेनिक त्यांत नव्हतं.

पुढे आर्सेनिकने आजारी पडलेल्या एका बांगलादेशी गावकऱ्याच्या नावाने लंडनमध्ये दावा दाखल झाला. तुम्ही विषबाधेसाठीच पाणी तपासत होतात, मग आर्सेनिक का पाहिलं नाही? प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि जुलै २००६ मध्ये फेटाळलं गेलं. न्यायाधीशांचं म्हणणं थोडक्यात असं: या संस्थेच्या हातात बांगलादेशचा पाणीपुरवठा नव्हता, हे पाणी पिण्यालायक आहे असं तिने म्हटलं नव्हतं. त्यामुळे अख्ख्या देशातल्या लोकांच्या काळजीची कायदेशीर जबाबदारी तिच्यावर येत नाही.

कायद्याच्या भाषेत हे पटतं. पाहणाऱ्याने आपल्याला सांगितलेलं काम केलं होतं. पण अहवाल वाचणारा माणूस तो कसा वाचतो? तज्ज्ञांनी विषारी द्रव्यं तपासली, सगळं बरं दिसतंय, एवढंच त्याच्या लक्षात राहतं. 'तपासलं आणि सापडलं नाही' आणि 'तपासलंच नाही' या दोन्ही गोष्टी कागदावर सारख्याच दिसतात, कारण दोन्हींत आर्सेनिक हा शब्द नसतो.

शरीरावर आणि घरावर

आर्सेनिकला रंग नाही, पाण्यात त्याची चव लागत नाही, वास येत नाही. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे थोडं दाटच होतं. परिणाम दिसायला पाच-दहा वर्षं लागतात. आधी ठिपके, मग तळहातांवर गाठी आणि पुढे त्वचेचा, मूत्राशयाचा, फुप्फुसाचा कॅन्सर. हृदयालाही धोका. ढाक्याजवळच्या आराईहाजार भागात २००० पासून जवळपास १२ हजार लोकांचा पाठपुरावा झाला. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार त्या लोकांतल्या दर पाच मृत्यूंपैकी साधारण एकाचा संबंध लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिकच्या पाण्याशी लागत होता.

हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. पण डाग पाहून लोकांना महारोग आठवला. ठिपके असलेल्या मुलींची लग्नं जुळेनात, लग्न झालेल्यांना माहेरी धाडलं गेलं, मुलांना शाळेत वेगळं बसवलं गेलं. ज्या घरच्या बाईने सगळ्यांसाठी 'चांगलं' पाणी भरून आणलं, तिलाच अंगावरच्या डागांसाठी घर सोडावं लागलं.

आणि विष फक्त हंड्यात थांबलं नाही. त्याच उथळ थरांतून उन्हाळी भातासाठी पाणी उपसलं जातं. पाण्याने भरलेल्या खाचरात भाताची मुळं आर्सेनिक सहज घेतात, त्यातलं काही दाण्यात उतरतं. हे पाणी तळ्यांत, ओढ्यांत सोडलं, की तळाच्या चिखलात आर्सेनिक साठत जातं. जलपर्णीसारख्या पाणवनस्पती ते शोषून घेतात. काही ठिकाणी पाण्यातून आर्सेनिक काढणारी यंत्रं बसली, तेव्हा त्यातून निघालेल्या गाळाचं काय करायचं हाही प्रश्न उभा राहिला. पाण्यातून काढलेलं विष पुन्हा माशांच्या तळ्यात टाकून कसं चालेल?

लाल तोंड, हिरवं तोंड

२००० नंतर बांगलादेशाने प्रचंड मोठी मोहीम काढली. जवळजवळ ५० लाख ट्यूबवेल तपासले गेले. ५० मायक्रोग्रॅमच्या वर आर्सेनिक असेल त्या पंपाचं तोंड लाल रंगवायचं, कमी असेल त्याचं हिरवं. १४ लाखांहून जास्त पंप लाल निघाले.

मला हा उपाय फार आवडतो. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळतो. आणि त्याचा उपयोग झाला. आराईहाजारमध्ये ज्यांना आपला पंप असुरक्षित आहे असं सांगितलं, त्यांतल्या ६० टक्के लोकांनी वर्षभरात दुसऱ्या पंपावरून पाणी आणायला सुरुवात केली. नवं यंत्र नाही, अनुदान नाही. शेजाऱ्याचा हिरवा पंप, आणि तिथे जाण्याइतकी माहिती. (शेजाऱ्याशी भांडण असेल तर काय, हा प्रश्न होताच. सुनेने परक्या अंगणात पाण्याला जायचं का, हाही.)

अबुल हुसाम या बांगलादेशी वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने वाळू, कोळसा, विटांचे तुकडे आणि लोखंडाचा थर असलेला 'सोनो' फिल्टर बनवला. २००७ मध्ये त्याला अमेरिकेतलं दहा लाख डॉलर्सचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं. पुन्हा गंजच. आर्सेनिक ज्याला चिकटून बसतं, त्याच गंजाने ते पकडायचं.

पण सगळे सुधारणेचे हिशेब सरळ निघाले नाहीत. काही कुटुंबं लाल पंप सोडून पुन्हा तळ्याकडे किंवा दूरवरच्या पाण्याकडे वळली. अर्थतज्ज्ञ एरिका फील्ड आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात अशा भागांत बालमृत्यू वाढल्याचं दिसलं. सोमलाने वीस वर्षांनी मरायचं की हगवणीने या पावसाळ्यात, अशी निवड कुणावर येऊ नये. ती लाखो आयांवर आली.

आणि रंग उडतो. मोहीम संपली, पंप गंजले, बदलले, नवे लाखो बसले. नव्या पंपांना रंग नव्हता, कारण त्यांची तपासणीच झाली नव्हती. ज्यांना आम्ही 'जुना डेटा' म्हणतो, ते तिथे अंगणात उभं होतं. २०१६ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने अहवाल दिला, की अजूनही सुमारे दोन कोटी लोक देशाच्या मर्यादेपेक्षा जास्त आर्सेनिकचं पाणी पितात. सरकारच्या सुरक्षित खोल विहिरींच्या निम्म्या जागा ठरवण्यात खासदारांचा शब्द चालतो आणि अनेक विहिरी गरज असलेल्या वस्तीऐवजी मर्जीतल्यांच्या अंगणात जातात, हेही त्यात होतं. आता प्रश्न रसायनशास्त्राचा उरला नव्हता.

आपल्या नळाखाली

दख्खनच्या काळ्या कातळात बंगालसारखा आर्सेनिकचा प्रश्न नाही. आपल्याकडे फ्लोराइड आहे, चंद्रपूर-यवतमाळकडच्या गावांत. दात पिवळे-तपकिरी पडतात, पुढे हाडं वाकतात. त्यावर तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड काढण्याची 'नलगोंडा पद्धत' नागपूरच्या 'नीरी'ने शोधली. आपल्याकडे नायट्रेट आहे, युरियाच्या पोत्यांतून आणि सांडपाण्यातून झिरपलेलं. तेही दिसत नाही, तेही उकळून जात नाही.

आणि आपल्याकडे टीडीएस मीटर आहे. शहरात नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलं, की कुणीतरी ती पेनसारखी वस्तू ग्लासात बुडवतं आणि आकडा वाचून मान हलवतं. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. समजा आकडा आला ३००, म्हणजे लिटरमागे ३०० मिलिग्रॅम. बांगलादेशात ज्या पातळीला पंपाचं तोंड लाल झालं, ते ५० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम. टीडीएसच्या आकड्यात ते दिसूच शकत नाही. मीटर खोटं बोलत नाही, त्याला ते कुणी विचारलेलंच नसतं.

गावांत आता जलजीवन मिशनमधून महिलांना पाणी तपासणीचे किट दिले जातात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. या सोयी साहांच्या पेशंटना नव्हत्या. त्या वापरायच्या कशा, एवढाच भाग आपल्याकडे उरतो. सोसायटीच्या ग्रुपवर 'बोअरचं पाणी टेस्ट केलं, ओके आहे' असा मेसेज आला, तर अंगठा टाकण्याआधी रिपोर्टचा फोटो मागवा. तारीख पाहा, कारण रंग उडतो. नमुना नेमका कुठल्या बोअरचा होता ते विचारा, कारण शेजारच्या बोअरचं पाणी वेगळं असू शकतं. आणि मग ती यादी वरपासून खालपर्यंत वाचा. फ्लोराइड आहे का, नायट्रेट आहे का, जंतू आहेत का. ज्याचं नाव तिथे नाही, ते अजून तपासायचं राहिलंय असं धरून चला.